पाचव्या फ्यूजची चांदी

१

सकाळी दुकान उघडलं की मी आधी शेगडी पेटवतो, मग कॉफी ठेवतो, आणि ती होईपर्यंत दाराकडे पाठ करून उभा राहतो. दारावर कामेन आहे. म्हणजे त्याचा फोटो आहे, कागदावर छापलेला. त्याला जाऊन सहा महिने झाले म्हणून त्याच्या बायकोने, नेवेनाने, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे गावभर नवे कागद लावले होते. बसथांब्यावर, पावाच्या दुकानावर, विजेच्या खांबांवर, जिकडे बघावं तिकडे तो. खाली वय बेचाळीस आणि 'आम्ही विसरलो नाही' एवढीच ओळ.

माझ्या दारावर लावायला ती स्वतः आली होती. ''मिस्त्री, लावू ना? त्याचं तुमच्याकडे नेहमीचं येणं-जाणं होतं.''

''विचारतेस काय, लाव की,'' मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो!

तिने शिजवलेले गोड गहू कागदी पेल्यात घालून दिले, गेलेल्याच्या नावाने खायचे म्हणून. ती समोर उभी होती, म्हणून मी शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ले. एकेक घास पाण्याबरोबर ढकलावा लागला. ती गेल्यावर मागच्या मोरीवर जाऊन मी तोंड धुतलं.

मी स्पास. जुन्या गाड्यांची वायरिंग बघतो, चाळीस वर्षं झाली. नव्या गाड्यांना मी हात लावत नाही, आणि त्याही माझ्या दारात येत नाहीत. गावात सगळे मला मिस्त्रीच म्हणतात. चांगला मिस्त्री म्हणतात. ते ऐकलं की हल्ली मी विषय बदलतो.

२

काय केलं होतं मी, ते आधीच सांगून टाकतो.

आमच्या त्या जुन्या गाड्यांत स्टीअरिंगच्या डावीकडे, खालच्या अंगाला, एका झाकणाआड आठ फ्यूज ओळीने बसलेले असतात. बोटाच्या पेराएवढे चिनीमातीचे तुकडे, अंगावर धातूची बारीक पट्टी. वायर कुठे घासली, उघडी पडली, की ती पट्टी वितळते. दिवा जातो आणि गाडी वाचते. पण आमच्याकडे फ्यूज गेला म्हणून कोणी थांबत नाही. सिगारेटच्या पाकिटातली चांदी काढायची, गेलेल्या फ्यूजला गुंडाळायची, ठोकून बसवायचा आणि निघायचं. डॉक्टर करतो, मास्तर करतो, चर्चचा पाद्रीसुद्धा करतो. मग तो फ्यूज पुन्हा काही जात नाही. वायर तापते, आणि तापतच राहते.

एप्रिलातल्या एका शुक्रवारी दुपारी कामेन आला. पाचवा फ्यूज, डाव्या दिव्याचा. दिवसात तीनदा उडाला होता. घाटापलीकडे बहिणीकडे जायचं होतं आणि घाटात धुकं होतं. खरा दोष शोधायचा तर दोन तास गेले असते. पण मी आणि पेंचो फासे टाकत बसलो होतो. पेंचो म्हणजे निवृत्त पोस्टमन, सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्या दुकानात ठिय्या देऊन असतो. डाव अर्ध्यावर होता आणि मी जिंकत होतो.

''सोमवारी आण, नीट बघतो,'' मी म्हणालो. ''तोवर हे शिकून ठेव.'' आणि माझ्या पाकिटातली चांदी काढून दाखवली. तीन घड्या घालायच्या, नखाने दाबायच्या, दोन्ही टोकं पिळायची. ''वाटेत पुन्हा गेला तर असं कर. घरी पोचशील.''

कामेन डावखुरा. त्याचा पीळ उलटा पडायचा. तीनदा करून पाहिलं आणि स्वतःच हसायला लागला. मी रकियाचा, आमच्या घरगुती फळांच्या दारूचा, ग्लास पुढे केला. ''नको, मिस्त्री, घाट चढायचाय,'' म्हणाला आणि गेला.

गाडी सातव्या वळणावरून खाली गेली. बहिणीसाठी नेत असलेली घरच्या रकियाची बाटली फुटली होती. सगळीकडे तो वास. मग काय, गावाने ठरवूनच टाकलं, प्यायला होता म्हणून. वाहतूक पोलिसांचा अंमलदार मला घेऊन गेला, वायरिंग बघून सांगा म्हणाला. मी वाकून झाकण काढलं. मागची वायर जळून तिचा कोळसा झाला होता आणि पाचव्या जागी चांदीचा गोळा वितळून चिकटला होता. धुक्यात दिवे गेले असणार आणि त्याला वळण दिसलं नसणार. अंमलदार रस्त्यावर फोनवर बोलत होता. मी तो गोळा पकडीने उपटला आणि खिशात टाकला. कागदावर लिहिलं, 'विजेचा दोष आढळला नाही.' खाली सही केली.

त्या दिवसापासून मी सिगारेट ओढलेली नाही. जणू तेवढ्याने काही होणार होतं!

३

नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी नेवेना गाडी घेऊन आली आणि मी जागच्या जागी थिजलो. कामेनच्या गाडीसारखीच गाडी. रंग तेवढा निळा.

''वडिलांची,'' ती म्हणाली. ''सात वर्षं शेडमध्ये पडून होती. चालते, पण डावा दिवा जातो.''

''कितवा फ्यूज?''

''पाचवा.''

पेंचो कोपऱ्यातून खाकरला. ''अगं, दिवसाउजेडी जा-ये कर ना. दिवा कशाला हवा तुला?''

''पहाटे सहाला हजर व्हायचं असतं, पेंचोकाका. घाटापलीकडे, सॅनेटोरियमच्या स्वयंपाकघरात. गावात कोणी उभं करेना. पावाच्या दुकानात गेले तर बाई म्हणते, तुझ्या घरात बाटली होती, गिऱ्हाईक काय म्हणेल? आता पंधरा दिवस माझं काम बघणार, मग कायम करणार. एक दिवस उशीर झाला की संपलं.''

पेंचोने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. गावभर ती गोष्ट पसरवण्यात तो सगळ्यांत पुढे होता, आणि हे मला माहीत होतं. मी त्याला एकदाही गप्प बस म्हणालो नव्हतो.

मनात म्हटलं, स्पास, संधी आलीय. या गाडीची एकेक वायर अशी करून दे की बाई दहा वर्षं बिनघोर घाट चढेल. तोंड न उघडता फेडून टाक. आहेच मी तसला भित्रा, काय करू!

फ्यूज काढून त्या जागी तपासणीचा छोटा दिवा लावला. तो पेटला, म्हणजे कुठेतरी वीज गळत होती. मग एकेक जोडणी सोडवत गेलो. पुढचा दिवा सोडवला, तरी पेटलेला. मागचा सोडवला, तरी पेटलेला. वेगाच्या काट्याजवळची बत्ती सोडवली, तरी तेच. शेवटी जिथे सगळ्या वायरी पत्र्याच्या भोकातून इंजिनाकडे जातात तिथलं रबर हाताला लागलं. पार भुगा झालेलं. पत्रा वायरीत घुसला होता. तेवढा तुकडा कापून नवा जोडला, नवं रबर बसवलं, आणि तपासणीचा दिवा विझला. पाचव्या जागी नवाकोरा फ्यूज घातला.

पैसे घेतले नाहीत. तिने ऐकलं नाही, लाल मिरचीच्या चटणीची बरणी बाकावर ठेवून गेली. ''देव तुमचं भलं करो, मिस्त्री.''

४

मंगळवारी दुपारी ती परत दारात.

''दिवे मस्त लागतात,'' म्हणाली, ''पण वास येतो हो. केस जळल्यासारखा. सातव्या वळणापासून पुढे.''

मी झाकण काढलं. पाचव्या जागी काहीतरी चकाकलं. फ्यूजला चांदी गुंडाळलेली होती. आतली पट्टी उडालेली.

''हे कोणी केलं?'' माझा आवाज चढला.

''काय केलं?''

''हे! ही चांदी! कोणाला दाखवलीस गाडी? तिकडे कोणी शहाणा भेटला का?''

''मला काय त्यातलं कळतं, मिस्त्री? झाकण कुठे असतं तेसुद्धा आत्ता पाहतेय. तुमच्याशिवाय कोणी हात लावला नाही.''

शेवटचं वाक्य ती अगदी साधेपणाने म्हणाली. मी मात्र तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. हिला कळलंय. कोणीतरी सांगितलंय आणि ही मला खेळवतेय. पण कळणार कसं? त्या दुपारी दुकानात आम्ही तिघेच होतो. मी बोललो नव्हतो आणि पेंचो फाशांत बुडाला होता. तिसरा तर दारावर होता, कागदावर.

सॅनेटोरियमच्या आवारात कोणी ड्रायव्हर असेल, मी स्वतःला समजावलं. उपकार म्हणून केलं असेल. आमची माणसं असले उपकार करतातच. नवा फ्यूज घातला, वायर हाताने चाचपली, अजून कोमट होती. तीही बदलली. मग झाकणावर चिकटपट्टी लावून तिच्यावर पेनाने आडवी सही केली.

''काय लग्नाची भेटवस्तू बांधतोस का रे?'' पेंचो म्हणाला. हसू आलं नाही मला.

५

बुधवारी पट्टी शाबूत होती. सही जशीच्या तशी. आत चांदी.

मी ती चिमट्याने अलगद सोडवली आणि उजेडात धरली. तीन घड्या. नखाच्या खुणा. ही माझीच पद्धत. इतरजण नुसती गुंडाळतात, घड्या कोणी घालत नाही. क्षणभर वाटलं, मीच करतोय की काय हे? वय झालं, डोकं फिरलं, मीच करून विसरतोय? तो विचार भयंकर होता, पण त्यात थोडा दिलासाही होता. तेवढ्यात टोकांकडे लक्ष गेलं. पीळ उलटा होता.

मी चिमटा खाली ठेवला आणि झाकण लावून टाकलं.

''आज गाडी ठेवून जा,'' मी नेवेनाला म्हणालो. ''नको नेऊस घाटात.''

''मग कशाने जाऊ? पहिली बस सातला. मिस्त्री, तुम्हीच म्हणता दोष नाही. असला तर असला सांगा, नसला तर नसला सांगा. उगाच जीव टांगणीला लावू नका.''

''उद्या पहाटे मी सोडतो तुला माझ्या गाडीतून.''

''आणि परवा? तेरवा?'' तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. ''तुम्हाला बरं नाही का?''

गुरुवारी मी तिला सोडून आलो आणि निळी गाडी दुकानात घेऊन दार आतून लावलं. बॅटरीची वायर काढून ठेवली. पाचवी जागा रिकामी केली, तो फ्यूज खिशात घातला. पेंचोला सर्दी झाली होती, आला नव्हता. दुपारी बाकावर बसून पाव आणि चीज खात होतो. बाहेर शाळा सुटल्याचा गलका होता, ऊन काचेतून आत आलं होतं. घाबरावं असं त्यात काहीही नव्हतं.

गाडीतून आवाज आला. चांदीचा. नखाने दाबल्यावर होतो तसा, बारीक. थांबला. पुन्हा आला.

उंदीर, मी मोठ्याने म्हणालो. सात वर्षं शेडमध्ये होती, घर केलं असेल. बूट आपटला. आवाज थांबला नाही. काम करणाऱ्याचा तो आवाज होता, अडखळत, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. तीनदा. मग 'टक' झालं आणि शांत झालं.

अर्ध्या तासाने मला उठायचं धैर्य झालं. झाकण काढलं. पाचवी जागा भरलेली होती. खिसा चाचपला. खिसा रिकामा होता.

दारावरचा कागद काढून टाकावा असं फार वाटलं. हात कडेपर्यंत नेला. पण कागद काढलेला नेवेनाला दिसेल, या एवढ्याशा भीतीने परत घेतला. मेलेल्याहून जिवंत बाईला मी जास्त भीत होतो, हे मला तेव्हा लख्ख कळलं आणि स्वतःची किळस आली.

६

शुक्रवारी पहाटेही मीच तिला सोडलं, आणि दुपारी ती बसने थेट दुकानात आली. तिथल्या आजारी पडलेल्या एका बाईच्या जागी संध्याकाळचं काम तिला दिलं होतं, चारच्या आत परत पोचायचं होतं. तिकडे जायला तेव्हा बस नव्हती. पेंचो शाल गुंडाळून कोपऱ्यात बसला होता.

''मी सोडतो,'' म्हणालो.

''रोज कुठवर सोडणार? किल्ली द्या, मिस्त्री.''

किल्ली माझ्या मुठीत होती. ''पाच मिनिटं. शेवटचं बघतो. तू शेजारच्या सीटवर बस, मी सांगेन तसं दिव्याचं बटण दाब.''

बॅटरी जोडली. चांदी काढली, नवा फ्यूज हातात धरला, पाचव्या जागेला तपासणीचा दिवा लटकवला. मग दार उघडं टाकून उताणा झालो, पाय बाहेर, डोकं पेडलांपाशी. वर वायरींचं जंजाळ आणि फ्यूजच्या पेटीमागे हाताचा पंजा मावेल एवढी काळी फट.

''लाव.''

बटण वाजलं. तपासणीचा दिवा पेटला, लालसर. डाव्या दिव्याचीच वीज होती ती, पेटायलाच हवा होता.

''बंद कर.''

बटण वाजलं. दिवा तसाच पेटलेला राहिला.

''बंद केलंस?''

''केलं की.''

त्या लाल उजेडात, फटीच्या आत, मला बोटं दिसली.

चार बोटं आणि अंगठा. डावा हात. काजळीने काळा, नखांच्या कडा भाजलेल्या. हातात चांदीचा कपटा होता आणि बोटं घडी घालत होती. एक. दोन. तिसरी घडी निसटली, पुन्हा पहिल्यापासून. इतकी घाई होती त्या हाताला! दिवस मावळायच्या आत घाट उतरायचा असला की माणूस जसा करतो तसा. मला वाटलं होतं तो सूड घ्यायला आलाय. कसला सूड! त्याला कोणाचं वाईट करायचंच नव्हतं. मी सांगितलं होतं ना, असं कर, घरी पोचशील. तो करत होता. रोज करत होता. आणि त्याच्या वायरीवर आता त्याची बायको घाट चढत होती.

''कामेन,'' मी म्हणालो, ''थांब.''

शेजारच्या सीटची स्प्रिंग करकरली. ''कोणाशी बोलताय?''

''काढ ते, कामेन. मी चुकीचं शिकवलं तुला.'' एकदा तोंड उघडलं आणि मग आवरेना. ''दोन तासांचं काम होतं रे. मी डाव सोडला नाही, म्हणून तुला चांदी गुंडाळायला शिकवलं. वायर जळाली ती माझ्यामुळे. तू प्यायला नव्हतास. मी ग्लास पुढे केला, तू नको म्हणालास. मी तो गोळा काढून खिशात घातला आणि खोटी सही केली. गाव तुला दारुडा म्हणत होतं, मी ऐकत होतो. सहा महिने ऐकत होतो. तिने दिलेले गहू खाल्ले मी. असं करून कोणी घरी पोचत नाही, कामेन. सोड ते.''

बोटं थांबली. कपटा माझ्या गालावर पडला, गरम होता. हात वळला. तळवा वर झाला आणि उघडा राहिला, काम करणारा माणूस मदतनिसाकडे न बघता पुढचं हत्यार मागतो तसा.

मी नवा फ्यूज त्यावर ठेवला. माझ्या बोटांना त्याचा स्पर्श झाला. तो कसा होता ते मी सांगणार नाही. मूठ मिटली आणि फटीत मागे गेली. तपासणीचा दिवा माझ्या छातीवर येऊन पडला, विझलेला. मग 'टक' झालं. काय बसलं, कसं बसलं, ते अंधारात दिसलं नाही.

पलीकडचं दार उघडलं. बुटांचा आवाज गाडीला वळसा घालून माझ्या पायांपाशी आला.

''बाहेर ये,'' नेवेना म्हणाली.

मी कसाबसा निघालो. ती दारापाशी उभी होती. पेंचो उठून उभा राहिला होता, शाल जमिनीवर.

''पुन्हा सांग. माझ्याकडे बघून. यालाही ऐकू जाऊ दे.''

मी सांगितलं. पहिल्या वेळेपेक्षा खूप जास्त वेळ लागला. पेंचोने मधेच डोळे पुसले, ती मात्र हलली नाही. मी थांबलो तेव्हा तिने हात पुढे केला आणि मी किल्ली दिली.

''ज्याने कागदावर तुझी सही घेतली तो अंमलदार कुठे बसतो?''

''घाटापलीकडे. जिल्ह्याच्या कचेरीत.''

''बस गाडीत.''

''नेवेना, तुझी चारची वेळ...''

''बस म्हटलं ना.''

''बसतो. फक्त तेवढं झाकण काढून एकदा बघू दे. आत फ्यूज नीट बसलाय का, काय बसलंय, एकदा बघतो आणि मग...''

''आता या गाडीला तू हात लावायचा नाहीस,'' ती म्हणाली आणि स्टीअरिंगमागे बसली.

मी शेजारी बसलो. पेंचोने दुकानाचं दार उघडलं. गावाबाहेर पडताच धुकं सुरू झालं आणि तिने दिवे लावले. दोन्ही लागले. पहिल्या वळणाला मी काच खाली करायला गेलो, तर ती म्हणाली, ''राहू दे. वास आला तर दोघांनाही येऊ दे.''